‘कन्व्हिन्स केले, पण ऐकले नाही’ हे इंग्रजीत का चालत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण एका पतसंस्थेच्या वसुली विभागात काम करता. एका थकबाकीदाराला भेटून आल्यावर आपण इंग्रजी अहवालात ‘आय कन्व्हिन्स्ड द बॉरोअर मेनी टाइम्स टू पे द इन्स्टॉलमेंट्स, बट ही डिड नॉट ॲग्री’ असे वाक्य लिहिले. वरिष्ठांनी ‘कन्व्हिन्स्ड’भोवती लाल वर्तुळ काढून शेजारी ‘पटले होते, तर हप्ते का थकले?’ असा शेरा मारला. शब्दकोशात ‘कन्व्हिन्स’पुढे ‘पटवणे’ असाच अर्थ दिलेला असताना यात चुकले काय, आणि ‘आर्ग्यू’, ‘पर्स्वेड’, ‘कन्व्हिन्स’, ‘अर्ज’ यांपैकी कोणते क्रियापद कुठे वापरावे, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. (यातला ‘अर्ज’ म्हणजे आपला अर्ज-विनंतीतला अर्ज नव्हे, ‘आग्रहाने विनवणे’ या अर्थाचे ते इंग्रजी क्रियापद आहे.)

मी गेली बावीस वर्षे मराठी माध्यमातून शिकलेल्या पदवीधरांना कार्यालयीन इंग्रजी शिकवते आणि न्यायालयीन कागदपत्रांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरेही करते. आपण लिहिलेले वाक्य मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत भेटते, आणि ते लिहिणारी माणसे बहुधा चांगली मराठी बोलणारी असतात. वरिष्ठांचा शेरा बरोबर आहे. पण आपल्याला शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, असे मी म्हणणार नाही. अडचण अशी आहे की शब्दकोश आपल्याला कृती कोणती ते सांगतो, त्या कृतीचे फळ क्रियापदाच्या पोटात धरलेले आहे की बाहेर ठेवलेले आहे, हे सांगत नाही.

मराठीतच पाहा. ‘मी त्याची खूप मनधरणी केली, पण तो बधला नाही’ हे वाक्य सहज खपते. ‘विनवण्या केल्या, पण’, ‘गळ घातली, पण’, ‘कानीकपाळी ओरडले, पण’ ही वाक्येही तशीच. याउलट ‘मी त्याचे मन वळवले, पण तो बधला नाही’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा थबकतो, कारण मन वळले असेल तर न बधण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘गळ घालणे’ हा प्रयत्न आहे आणि ‘गळी उतरवणे’ हे फळ आहे. ‘समजावणे’ आणि ‘पटवणे’ ही क्रियापदे मात्र या दोन्हींच्या सीमेवर उभी असतात. ‘किती समजावले, पण ऐकेल तर शपथ’ असे आपण रोज म्हणतो. ‘किती पटवले, पण त्याला पटले नाही’ हेही बोलताना चालून जाते. तेच ‘पटवून दिले’ म्हटले की ‘पण पटले नाही’ पुढे जोडवत नाही, कारण ‘देणे’ या सहाय्यक क्रियापदाने काम तडीस गेल्याची खूण केलेली असते. प्रयत्न आणि यश यांतला फरक मराठी बऱ्याचदा अशा जोडीच्या क्रियापदाने दाखवते. इंग्रजीत ही सोय नसल्यामुळे तो फरक मूळ क्रियापदाच्या निवडीतच करावा लागतो. आपण मनात ‘समजावले’ म्हणालात आणि हाताने ‘कन्व्हिन्स्ड’ लिहिलेत, म्हणजे सीमेवरच्या शब्दासाठी सीमेपलीकडचा शब्द उचललात.

म्हणून माझी पहिली कसोटी ‘पण’ची असते. क्रियापदानंतर ‘पण काही उपयोग झाला नाही’ हे शब्द जोडून पाहावेत. ‘आर्ग्यू’, ‘अर्ज’, ‘प्लीड विथ’, ‘रीझन विथ’, ‘अपील टू’, ‘ॲडव्हाइज’ यांच्यापुढे ते निर्धास्त बसतात. ‘पर्स्वेड’, ‘कन्व्हिन्स’, ‘विन ओव्हर’, ‘टॉक समवन इंटू’ आणि उलट दिशेने ‘डिस्वेड’ यांच्यापुढे बसत नाहीत. तिथे आधी ‘ट्राय टू’ घालावे लागते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हाच भेद मांडला होता: बोलता बोलता जे केले जाते ते एक, आणि बोलण्यामुळे समोरच्यात जे घडून येते ते दुसरे. ‘अर्ज’ पहिल्या वर्गातले आणि ‘पर्स्वेड’ दुसऱ्या वर्गातले, हे उदाहरणही त्यांनीच घेतलेले आहे. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलांचा चेहरा उजळतो, कारण ‘आय अर्ज यू टू पे’ असे तोंडावर म्हणता येते, पण ‘आय पर्स्वेड यू टू पे’ असे म्हणून कोणाचे मन वळत नाही, हे त्यांना लगेच दिसते.

या फरकाचे वजन मला एका जबाबाने शिकवले. भाषांतराचे काम सुरू करून मला फार दिवस झाले नव्हते. जमिनीच्या दाव्यातल्या एका बाईंचा मराठी जबाब माझ्याकडे आला होता आणि त्यात ‘सही करू नकोस म्हणून मी भावाला खूप समजावले’ असे वाक्य होते. मी ‘आय कन्व्हिन्स्ड माय ब्रदर नॉट टू साइन’ असे भाषांतर केले. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी वकिलांनी मला बोलावून घेतले आणि त्याच फायलीतले खरेदीखत उघडून पुढे ठेवले. त्याच्या शेवटच्या पानावर भावाची सही होती. सही न करण्याचे त्याला पटले होते असे बहीण शपथेवर सांगत असेल, तर ही सही कोणाची, असा प्रश्न समोरच्या पक्षाने विचारला असता आणि त्यावर बाईंकडे उत्तर नसते. बाई तिथेच बाकावर बसल्या होत्या. ‘तुम्ही नेमके काय केले होते?’ असे त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हात जोडले हो त्याच्यापुढे.’ वाक्य ‘आय प्लेडेड विथ माय ब्रदर नॉट टू साइन’ असे बदलले गेले. तेव्हापासून ‘समजावले’ हा शब्द समोर आला की मी आधी विचारते: हात जोडले होते, कारणे सांगितली होती, बजावले होते, की खरोखर मन वळवले होते? इंग्रजी शब्द त्या उत्तरावर ठरतो आणि आपल्या बाबतीतही तो त्यावरच ठरेल.

आता ‘पर्स्वेड’ आणि ‘कन्व्हिन्स’ यांच्यातला फरक. जुना नियम असा की ‘कन्व्हिन्स’ने विचार बदलतो आणि ‘पर्स्वेड’ने कृती घडते, म्हणून ‘कन्व्हिन्स’पुढे ‘दॅट’ किंवा ‘ऑफ’ यावे आणि ‘पर्स्वेड’पुढे ‘टू’ यावे. ‘शी कन्व्हिन्स्ड मी दॅट द रेट वॉज फेअर’ म्हणजे दर योग्य असल्याचे तिने मला पटवून दिले, आणि ‘शी पर्स्वेडेड मी टू साइन’ म्हणजे तिने मन वळवून माझ्याकडून सही घेतली. यातला ‘पर्स्वेड’चा भाग तितकासा कडक कधीच नव्हता, ‘पर्स्वेड समवन दॅट’ हे पूर्वीपासून शुद्धच आहे. ‘कन्व्हिन्स समवन टू’ ही रचना मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून, विशेषतः अमेरिकी इंग्रजीत रुळली आणि तेव्हा तिच्यावर बरीच टीकाही झाली. आज ती सर्रास छापली जाते, त्यामुळे आपल्या वाक्यातल्या ‘टू पे’ला मी चूक म्हणणार नाही. वरिष्ठ जुन्या वळणाचे असतील, तर त्यांना ‘पर्स्वेड’ अधिक रुचेल, एवढेच.

‘कन्व्हिन्स’मध्ये यश इतके घट्ट का बसले आहे, याचे उत्तर त्याच्या मुळात सापडते. लॅटिनमधल्या ‘जिंकणे’ या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला आहे, आणि ‘व्हिक्टर’ व ‘कन्व्हिक्ट’ हे त्याचेच भाऊबंद आहेत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘विच ऑफ यू कन्व्हिन्सेथ मी ऑफ सिन’ असे वाक्य आहे. तिथे ‘कन्व्हिन्स’चा अर्थ ‘दोषी ठरवणे’ असा आहे. म्हणजे समोरच्याला पुराव्याने निरुत्तर करणे हा या शब्दाचा जुना गाभा आहे. ‘मेनी टाइम्स’ जोडल्याने आपले वाक्य अधिक अडचणीत आले ते याचमुळे: वाचणाऱ्याला असे वाटते की थकबाकीदाराला अनेकदा पूर्ण पटले आणि तो अनेकदा फिरला.

इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ‘पर्स्वेड’मध्ये यश असते ते मनाचे. कृती नंतर बाहेरच्या कारणाने अडू शकते. ‘आय पर्स्वेडेड हिम टू कम, बट हिज ट्रेन वॉज कॅन्सल्ड’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण तो यायला तयार झाला होता. ‘बट ही डिड नॉट ॲग्री’ मात्र जोडता येत नाही, कारण तयार होणे हाच ‘पर्स्वेड’चा अर्थ आहे. आपला थकबाकीदार ‘हो’ म्हणाला होता आणि नंतर त्याने पैसे भरले नाहीत, की तो ‘हो’ म्हणालाच नाही, हे मला आपल्या प्रश्नावरून कळत नाही. त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

‘आर्ग्यू’ची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे यशाचा प्रश्न नसून अर्थ कोणता हाच प्रश्न असतो. युक्तिवाद, वादविवाद, हुज्जत आणि चक्क भांडण, या सगळ्यांना मराठीत वेगळे शब्द आहेत. इंग्रजी हे सगळे एका ‘आर्ग्यू’वर भागवते आणि पुढच्या शब्दावरून अर्थ ठरवते. ‘आर्ग्यू विथ’ म्हटले की हुज्जत घातली, ‘आर्ग्यू दॅट’ म्हटले की प्रतिपादन केले, ‘आर्ग्यू फॉर’ आणि ‘आर्ग्यू अगेन्स्ट’ म्हटले की बाजू किंवा विरोध मांडला. आणि वकील जेव्हा ‘आर्ग्यूज द मॅटर’, तेव्हा तो न्यायालयापुढे प्रकरण चालवतो. म्हणून अहवालात ‘द बॉरोअर आर्ग्यूड विथ मी अबाउट द इंटरेस्ट’ लिहिलेत, तर तो आपल्याशी भांडला असे वाचले जाईल. व्याजाचा हिशेब चुकला आहे असे त्याने शांतपणे मांडले असेल, तर ‘द बॉरोअर आर्ग्यूड दॅट द इंटरेस्ट हॅड बीन राँगली कॅल्क्युलेटेड’ असे लिहायला हवे. एका ‘विथ’ने माणूस भांडखोर ठरतो. ‘ही आर्ग्यूड मी दॅट’ ही रचना मात्र इंग्रजीत नाही. ‘आर्ग्यू’ला माणूस थेट कर्म म्हणून चालतो तो ‘आर्ग्यू समवन इंटू’ किंवा ‘आउट ऑफ’ अशा रचनेतच, आणि तिथे नेमके यशही आत येते: ‘ही आर्ग्यूड मी आउट ऑफ इट’ म्हणजे वाद घालून त्याने मला त्या बेतापासून परावृत्त केले.

या तिन्ही क्रियापदांचे परस्परांशी असलेले नाते एका प्रसंगात फार स्पष्ट दिसते आणि तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्यांनी ज्युरीपुढे कित्येक दिवस स्वतःची बाजू स्वतः मांडली. इंग्रजीत हे ‘टिळक आर्ग्यूड हिज ओन केस’ असे होईल. नऊपैकी सात ज्युरींनी त्यांना दोषी ठरवले. तेव्हा ‘टिळक कन्व्हिन्स्ड द ज्युरी’ असे लिहिता येणार नाही, ‘ट्राइड टू कन्व्हिन्स’ असेच लिहावे लागेल. निकालानंतर ते इंग्रजीत जे बोलले, त्यात ‘आय मेंटेन दॅट आय ॲम इनोसंट’ हे शब्द होते, आणि ते आज त्याच न्यायालयात फलकावर कोरलेले आहेत. ‘मेंटेन’ या क्रियापदाची निवड पाहण्यासारखी आहे. समोरून विरोध झाला, निकाल विरुद्ध गेला, तरीही माणूस आपल्या म्हणण्यावर ठाम राहतो, तेव्हा ‘मेंटेन’ वापरतात. ‘से’मध्ये तो ठामपणा नाही आणि ‘आर्ग्यू’ची वेळ संपून गेली होती. सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा समोर असताना इतका अचूक शब्द यावा, याचे मला दरवेळी शिकवताना अप्रूप वाटते.

‘मेंटेन’वरून एका वेगळ्या मुद्द्याकडे यावे लागते, आणि वसुलीचे अहवाल लिहिणाऱ्याने त्याकडे ‘कन्व्हिन्स’इतकेच लक्ष द्यावे असे मला वाटते. दुसऱ्याचे म्हणणे नोंदवताना आपण निवडलेले क्रियापद, ते म्हणणे आपल्याला खरे वाटते की नाही, हेही सांगून टाकते. ‘द बॉरोअर स्टेटेड दॅट ही हॅड नॉट रिसीव्ह्ड द नोटीस’ ही कोरी नोंद झाली. ‘क्लेम्ड दॅट’ म्हटले की तो म्हणतो खरे, पण आम्ही ते मानलेले नाही, अशी छटा येते. ‘कंटेंडेड दॅट’मध्ये वादातली बाजू दिसते आणि लिहिणारा तटस्थ राहतो. ‘अलेज्ड’ हा दुसऱ्यावर केलेला, अजून सिद्ध न झालेला आरोप असतो. ‘पॉइंटेड आउट दॅट’ लिहिलेत, तर मात्र नोटीस मिळाली नव्हती हे आपणच मान्य केल्यासारखे होते, कारण निदर्शनास आणून दिली जाते ती वस्तुस्थिती. एका विद्यार्थ्याने अशाच अहवालात थकबाकीदाराच्या प्रत्येक तक्रारीला ‘पॉइंटेड आउट’ लावले होते. ‘सांगितले’ हा शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. ते पत्र पुढे वादात निघाले असते, तर संस्थेने सगळ्या तक्रारी स्वतःच्या हाताने कबूल केल्या असत्या. शाळेत निबंधासाठी शिकवलेली शब्द बदलण्याची सवय अशा कागदात घातक ठरते. तटस्थ राहायचे असेल, तर ‘स्टेटेड’ दहा वेळा आले तरी चालेल.

‘डिनाय’ आणि ‘रेफ्यूट’ यांतही हाच फरक आहे. ‘डिनाय’ म्हणजे नाकारणे, आणि ‘रेफ्यूट’ म्हणजे खोडून काढणे. आरोप कोणीही नाकारू शकतो. खोडून काढायला पुरावा लागतो. इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘रेफ्यूट’ नुसत्या ‘नाकारणे’ या अर्थी आता बरेच दिसते, तरी कार्यालयीन लेखनात मी तो वापर टाळते.

‘इन्सिस्ट’वर थोडे थांबते, कारण इथे मराठी आपल्या मदतीला येते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तात ‘द मेंबर्स इन्सिस्टेड दॅट द सेक्रेटरी वॉज प्रेझेंट’ असे लिहिले, तर अर्थ होतो की सचिव हजर होते, असे सभासदांनी ठासून सांगितले. ‘द मेंबर्स इन्सिस्टेड दॅट द सेक्रेटरी बी प्रेझेंट’ असे लिहिले, तर अर्थ होतो की सचिवांनी हजर राहावे, असा त्यांनी आग्रह धरला. पहिल्यात घडलेली गोष्ट आहे आणि दुसऱ्यात मागणी. विद्यार्थ्यांना हे ‘बी’ चुकीचे वाटते आणि ते उत्साहाने त्याचे ‘वॉज’ करून टाकतात, पण आपला विध्यर्थ अगदी हेच काम करतो. मराठी वाक्यात ‘राहावे’, ‘भरावे’, ‘यावे’ असे रूप येत असेल, तर इंग्रजीत क्रियापदाचे मूळ रूप ठेवावे, किंवा ब्रिटिश पद्धतीने आधी ‘शुड’ घालावे. ‘डिमांड दॅट’, ‘प्रपोज दॅट’, ‘सजेस्ट दॅट’ यांनाही हे लागू आहे. ‘सजेस्ट’ची आणखी एक खोड अशी की आपण ‘त्याला सुचवले’ म्हणतो म्हणून ‘आय सजेस्टेड हिम टू पे’ लिहिले जाते. इंग्रजीत ‘सजेस्ट’ माणसाला असे थेट घेत नाही. ‘आय सजेस्टेड दॅट ही पे’ असे लिहावे, आणि माणूस हवाच असेल, तर ‘ॲडव्हाइज’कडे जावे.

आतापर्यंतचे आपल्या कामापुरते एकत्र करते. अहवालात क्रियापद लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: फळ आत आहे की बाहेर, माणूस थेट येतो की ‘विथ’ घालून की येतच नाही, आणि त्या क्रियापदाने आपण समोरच्याचे म्हणणे नकळत मान्य तर करत नाही ना.

आता आपले वाक्य घेऊ. आपण तीनदा भेटून हप्ते भरा म्हणून आग्रह केला असेल आणि त्याने साफ नकार दिला असेल, तर ‘आय मेट द बॉरोअर थ्री टाइम्स अँड अर्ज्ड हिम टू पे द इन्स्टॉलमेंट्स, बट ही रिफ्यूज्ड’ असे लिहावे. ‘मेनी टाइम्स’च्या जागी नेमका आकडा आणि शक्यतो तारखा द्याव्यात, कारण पुढे कारवाई झाली तर त्याच उपयोगी पडतील. दंडव्याज कसे वाढत जाईल, हे आपण हिशेब मांडून दाखवले असेल, तर ‘आय एक्स्प्लेन्ड’ किंवा ‘आय ट्राइड टू पर्स्वेड हिम’ योग्य होईल. कायदेशीर कारवाईची कल्पना दिली असेल, तर सरळ ‘वॉर्न्ड’ लिहावे. तिथे ‘अर्ज’ म्हणणे खोटे ठरेल. आणि तो प्रत्येक वेळी भरतो म्हणाला आणि त्याने भरले नाही, असे घडले असेल, तर वरिष्ठांना कळायला हवी अशी खरी गोष्ट तीच आहे, आणि तिच्यासाठी ‘ही ॲग्रीड ऑन ईच ऑकेजन टू पे, बट डिड नॉट’ हे वाक्य, त्याने कबूल केलेल्या तारखांसह, लिहावे. यांपैकी आपल्या बाबतीत कोणते घडले, ते कळवलेत, तर पूर्ण परिच्छेद तपासून देईन.